उधेवाडीचा मुक्काम: कोंदिवड्याच्या रानवाटेने राजमाचीला गटाने जाताना

राजमाची हे नाव किल्ल्याचे म्हणून प्रसिद्ध असले, तरी तिथे रात्री राहणाऱ्याचा मुक्काम उधेवाडी या गावात होतो. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या पायथ्याशी, घाटमाथ्याच्या कडेवर हे छोटेसे गाव वसलेले आहे. त्याच्या एका अंगाला उल्हास नदीचे खोल खोरे उतरत जाते आणि दुसऱ्या अंगाला लोणावळ्यापर्यंत रान पसरलेले आहे. लोणावळ्याकडून जीप येण्याजोगा रस्ता आहे, परंतु भर पावसात ओढे वाहू लागले की त्याचा भरवसा धरता येत नाही. कर्जतकडून मात्र आजही पायीच चढून यावे लागते. ही चढण कोंडाणे लेण्यांपासून दाट झाडीतून वर जाते, आणि रात्रीच्या मुक्कामासह गटाने पहिलाच जंगलातला ट्रेक करणाऱ्यांनी तिच्यापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

अशा ट्रेकची आखणी बहुतेक जण घरून निघण्याच्या वेळेपासून करतात. ती उलट्या बाजूने केली पाहिजे. आपल्या गटातला सर्वांत हळू चालणारा माणूस कोणत्या वेळी गावातल्या अंगणात पाय ठेवणार आहे, हे आधी ठरवावे आणि तिथून मागे मोजत यावे. डिसेंबरात या भागात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. उघड्या माळावर त्यानंतरही अर्धा तास दिसते, पण झाडीत मावळतीच्या आधीच अंधारू लागते. म्हणून शेवटचा माणूस पाचपर्यंत गावात पोहोचला पाहिजे. कर्जतकडच्या पायथ्याच्या कोंदिवडे गावातून निघून, लेणी पाहून, विसावा घेत, दहा-बारा जणांचा गट गावात पोहोचायला चार ते साडेचार तास लागतात. त्यात वाट चुकण्याचा एक तास धरला, तर कोंदिवड्यातून साडेअकराच्या आत पाय उचललेच पाहिजेत. यात कुठेही ‘आपण भरभर चालू’ हे गृहीत धरू नये, कारण गटाचा वेग हा त्याच्या शेपटाचा वेग असतो.

कोणी कोणत्या बाजूने जावे

मुंबई-ठाण्याकडच्या लोकांना कर्जत लोकल सोयीची आहे. कर्जत स्थानकाबाहेरून कोंदिवड्याला जाणाऱ्या रिक्षा मिळतात. गट मोठा असेल तर गाडी आदल्या दिवशी फोनवर ठरवून ठेवावी, कारण ऐन वेळी तीन रिक्षांची जुळवाजुळव करण्यात अर्धा तास सहज जातो. पुण्याकडच्यांनी लोणावळ्याची लोकल धरावी आणि तुंगार्लीवरून जाणारी पंधरा-सोळा किलोमीटरची वाट घ्यावी. ती लांब आहे, पण चढ सौम्य आहे आणि चुकण्याला वाव कमी आहे. गुडघे दुखणारे किंवा साठीच्या पुढचे कोणी बरोबर असतील, तर मुंबईकरांनीही लोणावळ्याचीच बाजू घ्यावी. कर्जतकडून चढून लोणावळ्याकडे उतरणे हा मला सर्वांत चांगला क्रम वाटतो. तीव्र चढ ताज्या पायांनी होतो, आणि दुसऱ्या दिवशी थकलेल्या गुडघ्यांवर तोच उतार येत नाही.

दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातले निवडावेत. मार्चपासून कर्जतकडची चढण दुपारी भाजून काढते. पावसाळ्यात हे खोरे विलक्षण देखणे होते, पण दगडांवर शेवाळ धरते, ओढे तासाभरात चढतात आणि कड्यांवरून सुटे दगड येतात; नवख्या गटाने तेव्हा ही वाट घेऊ नये. मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या पावसाच्या तोंडावर, इथली झाडे काजव्यांनी लखलखतात आणि ते पाहायला मोठी गर्दी लोटते. त्या दिवसांत गेलात, तर एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. काजव्यांचे लुकलुकणे हे जोडीदाराला केलेले आवाहन असते आणि टॉर्चच्या झोतात ते हरवून जाते. म्हणून दिवे बंद ठेवावेत, पायवाट सोडून झाडांखाली जाऊ नये आणि फांद्या हलवू नयेत. त्यांच्या अळ्या जमिनीतच, पालापाचोळ्याखाली वाढतात, त्यामुळे पायांखाली तुडवले जाणारे रान हे पुढच्या वर्षीच्या काजव्यांचे रान असते.

गट आणि जबाबदाऱ्या

दहा ते बारा जणांचा गट योग्य. त्याहून मोठा झाला की रांग इतकी लांबते की पुढच्याला मागचा दिसत नाही, आणि गावातल्या एका घराला इतक्यांची सोय करणेही जड जाते. पुढे चालणारा लीड वाट माहीत असलेला असावा. सर्वांत मागे चालणारा टेल मात्र त्याच्याहून अधिक विचारपूर्वक निवडावा. तो धीराचा असावा, थकलेल्याला न खिजवता चालवत आणणारा असावा, आणि प्रथमोपचाराची पेटी त्याच्याजवळच असावी, कारण ज्याला तिची गरज पडते तो बहुधा मागेच असतो. टेलच्या मागे कोणीही राहायचे नाही, लघवीला थांबलेल्या माणसासाठीसुद्धा टेल थांबेल, हा नियम निघतानाच सर्वांना सांगावा. दुसरा नियम फाट्यांचा. जिथे वाटेला फाटा फुटतो, तिथे लीडने थांबायचे आणि टेल दिसल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचे नाही.

हा दुसरा नियम आम्ही चुकीतून शिकलो. काही वर्षांपूर्वी याच चढणीवर आमचा गट दोन तुकड्यांत फुटला. पुढचे सहा जण गप्पांच्या नादात एका फाट्यावरून सरळ गेले, मागचे पाच उजवीकडे वळले, आणि दोन्हीकडच्यांना आपणच बरोबर आहोत अशी खात्री होती. हाका मारल्या तर दरीत घुमून भलत्याच बाजूने ऐकू येत होत्या. मागच्यांमध्ये वाट माहीत असलेला एकही नव्हता. शेवटी त्यांनी शहाणपणाने जागेवरच बसून राहायचे ठरवले, म्हणून पाऊण तासात आम्ही त्यांच्यापर्यंत पोहोचलो. ते चालत राहिले असते तर संध्याकाळ झाली असती. वाट चुकल्याची शंका आली की थांबावे, शेवटची ओळखीची खूण जिथे दिसली होती तिथपर्यंत आल्या वाटेने परत जावे, आणि उतारावरून सरळ खाली जाण्याचा मोह कधीही करू नये, कारण सह्याद्रीतले ओढे खाली जाता जाता कड्यावर संपतात.

पाठीवर काय घ्यावे

एका रात्रीसाठी पाठीवरचे ओझे पाण्यासह सात-आठ किलोंच्या वर जाऊ नये. प्रत्येकाजवळ तीन लिटर पाणी असलेच पाहिजे, कारण हिवाळ्याच्या उत्तरार्धात या चढणीवरचे ओढे आटतात. डोक्याला बांधायचा टॉर्च प्रत्येकाला स्वतंत्र हवा. मोबाइलच्या उजेडावर विसंबू नये. पातळ स्लीपिंग बॅग किंवा सोलापुरी चादर, एक स्वेटर, कानटोपी, मोजांचे दोन जोड, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि पूर्ण लांबीची पँट इतके कपडे पुरतात. बूट नवे कोरे नसावेत. निदान तीन-चार वेळा चालून पायाला बसलेले असावेत, आणि पायाची नखे आदल्या रात्री कापावीत, कारण उतारावर वाढलेले नख बुटाच्या टोकावर आदळून काळेनिळे पडते. तंबू आणि स्टोव्ह घेण्याची मुळीच गरज नाही. आपण गावात राहणार आहोत, आणि तिथे छप्पर आणि चूल दोन्ही आहेत.

पूर्ण बाह्यांचा आग्रह खाजकुयलीसाठी आहे. हिवाळ्यात या वेलीच्या शेंगा वाळतात आणि त्यांच्यावरची सोनेरी, मखमली लव वाऱ्याने किंवा नुसत्या धक्क्याने अंगावर उडते. दिसायला ही शेंग इतकी सुंदर असते की नवखा माणूस हमखास हात लावतो. लव लागली तर चोळू नये, चोळल्याने ती अधिक रुतते. त्या जागेवर चिकटपट्टी हलकेच दाबून ओढून काढावी, कपडा बदलावा आणि मगच पाण्याने धुवावे. म्हणून चिकटपट्टीची एक रुंद गुंडाळी प्रथमोपचाराच्या पेटीत ठेवावी; ती बुटाचा सुटलेला तळवा बांधायलाही उपयोगी पडते.

लेण्यांपासून गावापर्यंत

कोंदिवड्यातून लेण्यांपर्यंतची वाट शेताडीतून आणि विरळ रानातून तासाभराची आहे. कोंडाणे लेणी बौद्ध असून साधारणपणे इ.स.पू. पहिल्या शतकातली मानली जातात. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर लाकडी बांधकामाची नक्कल करून कोरलेल्या कमानी नीट पाहाव्यात. एका भग्न मूर्तीच्या मस्तकाजवळ ब्राह्मी लिपीतला छोटा लेख आहे: कण्हाचा शिष्य बलक याने हे केले. इतक्या प्राचीन कारागिराचे नाव आपल्याला वाचायला मिळावे, हे मला दर वेळी तितकेच थरारक वाटते. ही लेणी इथे का कोरली गेली, याचे उत्तर पुढच्या चढणीत आहे. कोकणातल्या बंदरांतून घाटावर जाणाऱ्या व्यापारी वाटा याच परिसरातून वर जात होत्या, आणि त्यांच्यावर नजर ठेवण्यासाठीच वर राजमाचीचा किल्ला आहे. इ.स. 1657 च्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या मोहिमेनंतर हा परिसर घेतला, तेव्हा हा किल्लाही स्वराज्यात आला. लेण्यांजवळ पाऊण तासाहून अधिक थांबू नये, आणि कड्याच्या अगदी खाली जेवायला बसू नये, कारण वरून वानरे धावली की सुटे दगड येतात.

लेण्यांनंतर खरी चढण सुरू होते आणि अडीच-तीन तास चालते. वाट बहुतेक झाडीतून जाते, मध्येमध्ये कारवीच्या दाट जाळीतून. इथे चुकवणाऱ्या असतात त्या ढोरवाटा. गुरे चरून तयार झालेली वाट माणसाच्या वाटेइतकीच मळलेली दिसते, पण नीट पाहिल्यास फरक कळतो. ढोरवाट शक्यतो चढ टाळून आडवी जाते आणि थोड्या अंतराने तिच्यासारख्याच दोन-तीन वाटांत विरून जाते. तिच्यावरच्या फांद्या कमरेच्या किंवा छातीच्या उंचीवर आडव्या येतात, कारण गुरे त्यांच्याखालून जातात आणि त्या मोडायला कोणी येत नाही. माणसांच्या जुन्या वाटेवर डोक्याच्या उंचीपर्यंतच्या फांद्या तोडलेल्या असतात, मुळांवरची साल पायांनी घासून गुळगुळीत झालेली असते, आणि चढावर दगड पायरीसारखे बसलेले सापडतात. शंभर पावले गेल्यावर या तिन्हींपैकी एकही खूण दिसली नाही, तर मागे फिरावे. मोबाइलमध्ये वाटेचा नकाशा आधीच उतरवून घ्यावा, परंतु खोल घळीत तो पन्नास-साठ मीटरने चुकू शकतो, हे लक्षात ठेवावे.

पन्नास मिनिटे चालणे आणि दहा मिनिटे विसावा हा क्रम चढणीवर चांगला चालतो. विसावा टेल पोहोचल्यावर सुरू होतो. पुढच्यांनी दहा मिनिटे बसायचे आणि मागचे पोहोचताच उठायचे, ही पद्धत फार क्रूर आहे; त्यात ज्याला विश्रांतीची सर्वांत जास्त गरज आहे, त्यालाच ती मिळत नाही. चक्कर, मळमळ ही उष्णतेची लक्षणे कोणाला दिसली, तर त्याला सावलीत झोपवून पाय उंच ठेवावेत आणि शुद्धीवर असल्यास घोट घोट मीठसाखरेचे पाणी द्यावे. घाम थांबून अंग तापले असेल किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला असेल, तर अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि मदत मागवण्यात वेळ दवडू नये.

आग्या मोहोळाबद्दल वेगळे सांगितले पाहिजे. कड्यावर किंवा उंच झाडावर मोहोळ दिसले तर आवाज बंद करावा, अत्तर आणि बॉडी स्प्रे मुळातच घरी ठेवून यावे, आणि मोहोळाखाली शेकोटी किंवा सिगारेट पेटवू नये. साप दिसला तर त्याला जाऊ द्यावे. दंश झालाच, तर जखम कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काहीही करू नये. तो अवयव हलणार नाही असा आधार द्यावा, अंगठ्या आणि घड्याळ काढावे, माणसाला शांत ठेवावे आणि त्याला चालवू न देता शक्य तितक्या लवकर प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात न्यावे. गाव जवळ असेल तर तिथून लोणावळ्याकडे वाहनाने जाता येते. 112 आणि 108 हे क्रमांक सर्वांना पाठ असावेत. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र ही संस्था या डोंगररांगेत बचावाचे मोठे काम करते. तिचा संपर्क क्रमांक निघण्यापूर्वीच कागदावर लिहून लीड आणि टेल या दोघांनी खिशात ठेवावा.

गावातली रात्र

राहण्याची आणि जेवणाची सोय गावातल्या एखाद्या घरी चार-पाच दिवस आधी फोन करून ठरवावी. किती जण, त्यांत किती बायका, शाकाहारी किती, पोहोचायची वेळ कोणती, हे सगळे तेव्हाच सांगावे. आकडा बदलला तर लगेच कळवावे. आपण बारा सांगून आठ गेलो, तर चार जणांचे पीठ मळून वाया जाते. ठरलेले पैसे पूर्ण द्यावेत आणि जेवणावर घासाघीस करू नये. आपण जिथे जेवतो ते घर आहे, हे गटातल्या प्रत्येकाने मनात ठेवावे. ओसरीवर चढताना बूट बाहेर काढावेत, आजींचा किंवा लहान मुलांचा फोटो विचारल्याशिवाय घेऊ नये, दारू आणि स्पीकर हे दोन्ही आपल्या घरीच ठेवून यावेत.

एका मुक्कामात मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून भाकऱ्या होताना पाहिल्या. त्या मावशींनी तांदळाच्या पिठाची उकड परातीत मळली, एक गोळा दोन्ही तळव्यांत फिरवला, पाण्याच्या हाताने थापत थापत तो परातीएवढा केला आणि न मोडता तव्यावर टाकला. चुलीचा जाळ त्या एका हाताने लाकूड मागे ओढून कमी करत होत्या. बारा जणांच्या तीस भाकऱ्या होईपर्यंत त्या जागेवरून उठल्या नाहीत. मी विचारले, “मावशी, पाणी आणून देऊ का?” तर म्हणाल्या, “बस, दमून आलाय तुम्ही. ताटं तेवढी मांडा.” तेव्हापासून आमच्या गटात ताटे मांडणे, वाढणे आणि आपापले ताट घासणे हे काम आम्ही आमच्याकडे घेतो, आणि वाढून घेतलेले पिठले-भाकरी कोणी टाकत नाही.

डोंगरमाथ्यावरच्या गावांत उन्हाळा जवळ आला की पाणी जपून वापरावे लागते. तोंड धुण्याला एक तांब्या पुरतो. आंघोळ घरी पोहोचल्यावर करावी. शौचासाठी घरातली सोय वापरता येत असेल तर ती विचारून घ्यावी. रानात जायची वेळ आली, तर ओढा आणि तलाव यांच्यापासून किमान साठ मीटर दूर, वीतभर खोल खड्डा करून, नंतर तो मातीने बुजवावा. ओले कागदी रुमाल आणि सॅनिटरी पॅड रानात किंवा गावातल्या उकिरड्यावर टाकू नयेत. त्यासाठी प्रत्येकीजवळ जाड, घट्ट बंद होणारी पिशवी असावी आणि ती शहरात परत आणावी. या गोष्टीचा उल्लेख निघण्याच्या बैठकीत संकोच न करता करावा, कारण तो न झाल्यामुळे मुली पाणी पिणेच टाळतात आणि चढणीवर त्रास भोगतात.

रात्री दहाला झोपावे. अंगणाबाहेर कोणाला जायचे असेल तर जोडीने, टॉर्च घेऊन आणि पाय ठेवण्याआधी जमीन पाहून जावे. सकाळी बूट घालण्यापूर्वी ते उलटे करून झटकावेत. विंचवाला अंधारी, आडोशाची जागा आवडते.

दुसरा दिवस

उजाडताना गावातून निघून भैरवनाथाच्या देवळाजवळच्या खिंडीत यावे. तिथून एका बाजूला श्रीवर्धन आणि दुसऱ्या बाजूला मनरंजन. वेळ कमी असेल तर श्रीवर्धन निवडावा. तो अधिक उंच आहे, त्याचा दुहेरी तटाचा चिलखती बुरूज पाहण्यासारखा आहे, आणि माथ्यावरून ढाकचा डोंगर, नागफणीचे टोक, शिरोता धरणाचे पाणी आणि आपण काल चढून आलो ते उल्हासचे खोरे एकाच नजरेत येते. तटाच्या कडेवर उभे राहून फोटो काढू नयेत, जुने दगड पायाखाली हलतात. किल्ला पाहून झाल्यावर, वेळ असेल तर, गावाजवळच्या तलावाकाठच्या शिवमंदिरापाशी थोडे बसावे.

न्याहारी करून साडेदहाच्या आत लोणावळ्याच्या वाटेला लागावे. ही वाट चुकत नाही, पण कंटाळवाणी वाटू शकते, आणि थकलेल्या पायांची मुरगळ बहुधा अशाच सपाट वाटेवर होते. पाच तास धरावेत. कोणाचा पाय दुखत असेल, तर गावातूनच जीप ठरवून त्याला आणि त्याच्यासोबत एकाला पुढे पाठवावे. यात कमीपणा मानू नये आणि कोणाला मानूही देऊ नये. निघताना ओसरी झाडावी, आपला सगळा कचरा, चॉकलेटच्या कागदासकट, पाठीवर घ्यावा आणि घरातल्यांचा निरोप घ्यावा.

लोणावळा स्थानकावर पोहोचल्यावर लीडने माणसे मोजावीत. त्यानंतर दोन फोन करावेत: एक शहरातल्या त्या माणसाला, ज्याला आपण ‘रविवारी सातपर्यंत कळले नाही तर चौकशी कर’ असे सांगून निघालो होतो, आणि दुसरा उधेवाडीतल्या त्या घरी, की सगळे सुखरूप पोहोचलो.